सरोवराकांठचे शेजारी

गांवच्या विहिरीचा गाळ काढण्याचा दिवस ठरला म्हणजे काय घडतें, हें आपणांस सांगावयास नको. सकाळीं पांचसात जण घमेलीं व दोर घेऊन येतात. दोघे "आलोंच" असें सांगून शेताकडे जातात. एक जण कांठावर उभा राहून काम कसें करावें हें शिकवितो. आणि संध्याकाळीं पाणी भरावयास मात्र सारा गांव हजर असतो. जे विहिरींत उतरले त्यांनीं लोकांची सेवा केली, कीं आपल्याच घागरीची सोय पाहिली, हा प्रश्न त्या वेळीं कोणी विचारीत नाहीं. तो प्रश्न आम्ही आज विचारणार आहों. परंतु आपल्या विहिरीच्या कांठीं बसून नव्हे. आपल्या विहिरीविषयीं बोलूं लागलों कीं नांवें निघतात, आणि नांवें निघालीं कीं विचार संपतो. म्हणून वाचकांस आम्ही फार दूर, उत्तर अमेरिकेंतील कॅनडा देशाच्या ऑन्टेरिओ प्रांतांत नेतों.

ह्या प्रांतांत लहानमोठीं मिळून अडीच लाखांहून अधिक सरोवरें आहेत. टोरांटो शहराच्या उत्तरेस मस्कोका नांवाचा जो प्रदेश आहे, तेथें तर भूमि किती व पाणी किती हें नकाशा पाहूनही चटकन सांगतां येत नाहीं. जमीन म्हणजे बहुतेक अति पुरातन खडक. त्यावर मातीचा पातळ थर, आणि त्या थरांत पाइन वृक्षांनीं कशीबशीं रोवलेलीं मुळें. १८६८ सालीं सरकारनें तेथें शेती करूं इच्छिणाऱ्यांस फुकट जमीन देण्याचा कायदा केला. लोक आले, त्यांनीं झाडें तोडलीं, आणि थोडींशीं पिकें निघतात न निघतात तोंच नांगर खडकास लागला. परंतु १८६६ पासून त्या सरोवरांत आगबोट चालूं लागली होती, आणि १८७५ सालीं ग्रेव्हनहर्स्ट गांवापर्यंत आगगाडी आली. शहरांतील धुरास व उकाड्यास कंटाळलेले लोक तिच्यांत बसून हवा खावयास येऊं लागले. तेव्हां शेतकऱ्यांच्या ध्यानीं आलें कीं, जी जमीन गहूं देत नाहीं ती पाहुणे देते. पुढें पाहुण्यांनीं कांठचे तुकडे विकत घेऊन स्वतःचीं घरें बांधलीं. ह्या घरांस तेथें कॉटेज म्हणतात. नांवावरून झोंपडी समजूं नये. कोणाचें घर लांकडाच्या दोन खोल्यांचें असतें, तर कोणाचें असें कीं त्याच्या होड्या ठेवण्याच्या पडवींतच आपली सारी आळी मावेल. आपल्याकडे पूर्वी साहेबलोक उन्हाळ्यांत महाबळेश्वरीं जात, त्यांतलाच हा प्रकार. मात्र तेथें धनिकांच्या शेजारीं शाळामास्तरांचीं व कारागिरांचींही जुनीं घरें उभीं आहेत. आतां किंमती इतक्या चढल्या आहेत कीं, तसें घर नव्यानें घेणें मास्तराच्या आवांक्यांतलें राहिलें नाहीं, ही गोष्ट निराळी.

ह्या घरांचें वर्ष मे महिन्यांत सुरू होतें. बर्फ वितळून गेलेला असतो. लोक कुलुपें काढतात, नळांत पाणी सोडतात, लांकडी धक्का पाण्यांत लोटतात. जुलै व ऑगस्ट हे भरगच्च महिने. मग शाळा उघडतात, आणि ऑक्टोबराच्या दुसऱ्या सोमवारीं येणाऱ्या आभारप्रदर्शनाच्या सणापर्यंत बहुतेक घरें बंद होतात. नळांतील पाण्याचा थेंब न् थेंब काढून टाकावा लागतो, नाहीं तर तें गोठून नळ फुटतात. असे हे शेजारी एकमेकांस वर्षांतून आठदहा आठवडेच पाहतात. एरव्हीं एक या शहरीं, तर दुसरा त्या शहरीं. एक न्यायाधीश, दुसरा दुकानदार. रस्त्यांत भेटले तर कदाचित एकमेकांस ओळखणारही नाहींत, कारण त्यांनीं एकमेकांस पोहण्याच्या कपड्यांवांचून पाहिलेलें नसतें! तरी कित्येक कुटुंबें चार चार पिढ्या त्याच कांठीं येत आहेत, आणि आजोबांनीं ज्या खडकावरून उडी मारली त्याच खडकावरून नातू उडी मारतो.

अशा अर्धवट गांवाचीं कामें कोण करतो? मोठे रस्ते व पोलीस हें सरकारचें काम. परंतु कांठापर्यंत जाणारे कित्येक रस्ते खाजगी आहेत. त्यांवर खडी टाकणें, मोऱ्या साफ करणें, पडलेलें झाड कापून बाजूस करणें, हें तेथील लोकांनींच पाहावें लागतें. पाण्याखालीं जे खडक दडलेले आहेत त्यांवर बोये बांधून रंग द्यावा लागतो, नाहीं तर रात्रीं येणारी मोटार-होडी फुटते. पोरांच्या पोहण्याच्या व वल्हवण्याच्या शर्यती भरवावयाच्या, नव्या बांधकामाचा अर्ज ग्रामसभेपुढें आला म्हणजे तो वाचून पाहावयाचा, पाण्याची पातळी राखणाऱ्या बंधाऱ्याविषयीं सरकारशीं पत्रव्यवहार करावयाचा, हीं कामें मिळून एका मनुष्याचा पोटाचा धंदा होईल. पण तेथें तीं बिनपगारी चालतात. त्यासाठीं सरोवरासरोवरावर मंडळें आहेत. मस्कोका सरोवरांचें मंडळ १८९४ सालीं स्थापन झालें. १९६३ सालीं प्रांतांतील अशा मंडळांचा एक महासंघ बनला आणि त्यांत आज पांचशेंहून अधिक मंडळें आहेत. उन्हाळ्यांत एके शनिवारीं सकाळीं वार्षिक सभा भरते. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार निवडावयाचे असतात. ज्यांनीं आपल्या मंडळाच्या सभा पाहिल्या आहेत त्यांस पुढील देखावा डोळ्यांपुढें आणावयास कष्ट पडणार नाहींत: चिटणिसाच्या जागेचें नांव निघतांच सर्वांची दृष्टि आपापल्या पायांकडे जाते.

ह्या सर्व कामांत एक काम आम्हांस विशेष वाटतें, आणि त्याचें वर्णन आम्ही जरा सविस्तर करितों. वीस सेंटिमीटर रुंदीची एक तबकडी असते, तिचे चार भाग काळे व पांढरे एकाआड एक रंगविलेले. तिला मोजपट्टीची दोरी बांधून होडीच्या सांवलीच्या बाजूनें पाण्यांत सोडतात. ती दिसेनाशी झाली कीं खोली टिपावयाची, मग हळूहळू वर ओढून पुनः दिसूं लागली कीं तीही टिपावयाची, आणि दोहोंची सरासरी घ्यावयाची. पाणी जितकें निर्मळ तितकी तबकडी खोलवर दिसते. इटलींतील आंजेलो सेकी नांवाचे धर्मगुरु व ज्योतिषी होते, त्यांनीं १८६५ सालीं भूमध्य समुद्रांत ही युक्ति वापरून पाहिली. म्हणून तिला सेकीची तबकडी म्हणतात. आज ऑन्टेरिओंत शेंकडों स्वयंसेवक मे पासून ऑक्टोबरपर्यंत हें माप घेतात, आणि वसंत ऋतूंत सरोवराच्या सर्वांत खोल जागेवर जाऊन पाण्याची बाटली भरून डॉर्सेट येथील सरकारी प्रयोगशाळेकडे टपालानें पाठवितात. तेथें त्या पाण्यांत फॉस्फरस किती हें पाहतात.

फॉस्फरसच कां? ह्याची कथा मोठी बोधप्रद आहे. साठसत्तर वर्षांपूर्वी कॅनडांतील व अमेरिकेंतील सरोवरें हिरव्या शेवाळानें भरूं लागलीं. कोणी म्हणे दोष कर्बाचा, कोणी म्हणे नत्राचा. साबण करणारे कारखाने तर आपल्या फॉस्फेटाचा कांहीं दोष नाहीं असेंच म्हणत. १९७३ सालीं डेव्हिड शिंडलर ह्या शास्त्रज्ञानें व त्याच्या सोबत्यांनीं ऑन्टेरिओच्या वायव्येस, केनोरा गांवापासून कांहीं अंतरावरील एका लहान सरोवराचे मधोमध पडदा लावून दोन भाग केले. त्या सरोवरास नांव नव्हतें, २२६ हा नुसता क्रमांक होता. दोन्हीं भागांत कर्ब व नत्र घातलें. एकांतच फॉस्फरस अधिक घातला. कांहीं आठवड्यांत तोच भाग हिरवागार झाला, आणि दुसरा स्वच्छ राहिला. विमानांतून काढलेलें त्याचें चित्र पाहिल्यावर वाद घालावयास फारशी जागा उरली नाहीं. आतां वाचकांनीं हें ध्यानांत घ्यावें कीं, कॉटेजवाल्याचें न्हाणीघर व शौचकूप ह्यांचें पाणी घरामागील पुरलेल्या टाकींत जातें, आणि ती टाकी जुनी होऊन पाझरूं लागली तर त्यांतील फॉस्फरस हळूहळू सरोवरांत उतरतो. तो घातक पदार्थ दूरच्या कारखान्यांतूनच येतो असें नाहीं; तबकडी सोडणाऱ्या मनुष्याच्या स्वतःच्या घरांतूनही तो येतो.

येथें आमचा प्रश्न उभा राहतो. सरोवर निर्मळ राहिलें तर घराची किंमत राहते, मुलांस पोहतां येतें, मासे मिळतात. तेव्हां जो मनुष्य रविवारचा आराम सोडून होडी घेऊन मापें घेतो, तो परोपकारी म्हणावा कीं हिशेबी? जर्मन तत्त्ववेत्ता कांट ह्यानें १७८५ सालच्या आपल्या ग्रंथांत एका दुकानदाराचें उदाहरण दिलें आहे. तो लहान मुलासही रास्त भावानेंच माल देतो; परंतु प्रामाणिकपणा आवडतो म्हणून नव्हे, तर तसें केल्यानें गिऱ्हाइक टिकतें म्हणून. कांट म्हणतो, त्याची कृति कर्तव्यास धरून आहे, पण तिला नीतीची खरी किंमत नाहीं, कारण ती कर्तव्यासाठीं केलेली नाहीं. ह्या मापानें सरोवराकांठचा सारा स्वयंसेवकवर्ग त्या दुकानदाराच्या पंक्तीस बसतो.

असें म्हणणारे आमच्यांतही पुष्कळ आहेत. रात्रीची शाळा चालविणाऱ्यास ते म्हणतात, "तुझीच मुलें शिकतात ना?" रस्त्यावर मुरूम टाकणाऱ्यास म्हणतात, "तुझीच गाडी जाते ना?" हें बोलणें तत्त्वज्ञानाचें दिसतें, पण बहुधा बोलणाऱ्याच्या हातांत घमेलें नसतें, हें आम्हीं पाहिलें आहे.

तथापि आक्षेपास नीट उत्तर दिलें पाहिजे. निव्वळ स्वहिताचा हिशेब करणारा मनुष्य होडींत बसेल, असें खरोखर आहे काय? स्कॉटलंडांतील ह्यूम ह्यानें १७४० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथाच्या भागांत लिहिलें आहे कीं, दोघां शेजाऱ्यांचें एक सामाईक कुरण असेल तर त्यांतील पाणी काढून टाकण्याचें काम ते सहज जमवितील, कारण एकानें अंग काढलें तर काम बुडतें हें दोघांसही दिसतें. पण हजार माणसांचें कुरण असेल तर तें काम होणें जवळजवळ अशक्य, कारण प्रत्येकजण आपला भार दुसऱ्यावर टाकूं पाहतो. सरोवराकांठीं अशीं शेंकडों घरें असतात. वर्गणी ऐच्छिक असते. जो ती देत नाहीं त्याच्या धक्क्यापुढचें पाणी गढूळ होत नाहीं, त्याच्या होडीस बोया दिसेनासा होत नाहीं. पक्का हिशेबी मनुष्य असा विचार करील: "शेजारी मापें घेतोच आहे, मी आपला आरामखुर्चींत बसतों." तेव्हां स्वार्थ हें होडींत बसण्याचें कारण पुरेसें नाहीं. स्वार्थ फार तर घराच्या दारापर्यंत आणतो. तेथून धक्क्यापर्यंतचीं दहा पावलें कशाच्या तरी दुसऱ्या बळावर पडतात.

तें दुसरें बळ कोणतें? आमच्या मतें तें एकच नाहीं. कांहीं अंशीं तें लाज असतें. वडील पंचवीस वर्षें चिटणीस होते, आतां मुलानें नाहीं म्हणणें शोभत नाहीं. कांहीं अंशीं हौस. कांहीं अंशीं तें प्रेम असतें, आणि तें मनुष्यावरचें नसून त्या ठिकाणावरचें असतें. लून नांवाचा एक काळापांढरा पाणपक्षी त्या सरोवरांत राहतो. त्याचें ओरडणें रात्रीं ऐकिलें म्हणजे कोणी रडतें आहे कीं हंसतें आहे असा भास होतो. तो कॅनडाच्या लोकांस इतका प्रिय कीं १९८७ पासून त्यांच्या एक डॉलरच्या नाण्यावर त्याचें चित्र आहे. तो अगदीं पाण्याच्या कडेस घरटें करतो आणि बहुधा दोनच अंडीं घालतो. मोटार-होडी वेगानें जवळून गेली तर तिच्या लाटेनें तीं वाहून जातात. १९८१ पासून स्वयंसेवक ह्या पक्ष्यांची गणना करीत आले आहेत. जूनमध्यें जोडपें आलें काय, जुलैंत पिलें निघालीं काय, आणि ऑगस्टांत तीं जगलीं काय, अशा तीन खेपा तरी कराव्या लागतात. पिलें जगण्याचें प्रमाण वर्षानुवर्ष घटत आलें आहे, असें त्या गणनेंतून दिसून आलें. आतां पिलें जगल्यानें घराची किंमत एका कवडीनेंही वाढत नाहीं. ह्या खेपा करणाऱ्यास कांटचा दुकानदार म्हणावयास आमची जीभ वळत नाहीं.

मनुष्याचे हेतु कुडाच्या भिंतीसारखे असतात. माती, शेण, काड्या सर्व एकत्र कालविलेलें. त्यांतून शुद्ध तेवढें वेगळें काढूं गेलें तर भिंतच पडते. कांटची कसोटी खोटी आहे असें आम्ही म्हणत नाहीं, पण ती मनुष्याच्या अंतःकरणावर लावावयाची आहे, आणि तेथें पाहण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. आम्हांस बाहेरून दिसते ती एकच गोष्ट: हित व कर्तव्य ह्यांच्या वाटा जेथें फुटतात तेथें तो मनुष्य कोणत्या वाटेनें जातो. समजा, एका स्वयंसेवकाची तबकडी यंदा गतवर्षापेक्षां लवकर दिसेनाशी झाली. हें छापून आलें तर कांठच्या सर्व घरांची, त्याच्या स्वतःच्याही घराची, किंमत उतरण्याचा संभव आहे. तो खरा आंकडा लिहितो काय? किंवा समजा, ज्या मित्राच्या घरीं तो दर शनिवारीं जेवावयास जातो त्याचीच टाकी पाझरते आहे. तो मित्राशीं बोलतो, कीं सभेपुढें "सर्वांनीं काळजी घ्यावी" एवढें मोघम बोलून बसतो? गाळ काढणें सोपें. विहिरीशेजारीं ज्याचा उकिरडा आहे त्यास तोंडावर सांगणें कठीण, हें गांवांत राहणाऱ्यास आम्हीं काय सांगावें!

एलिनोर ऑस्ट्रॉम ह्या अमेरिकन विदुषीनें सामाईक कुरणें, जंगलें व पाटाचें पाणी ह्यांचा जन्मभर अभ्यास केला. त्यांचा मुख्य ग्रंथ १९९० सालीं निघाला, आणि २००९ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. स्वित्झर्लंडांतील डोंगरी कुरणें, जपानांतील गांवजंगलें, स्पेनांतील पाटबंधारे पाहून त्यांनीं दाखविलें कीं, ह्यूमची भीति सर्वत्र खरी होत नाहीं. लोक स्वतः नियम करून, स्वतःच राखण करून, चुकणाऱ्यास आधीं हलका व मग जड दंड करून, शेंकडों वर्षें सामाईक वस्तु टिकवूं शकतात. परंतु अशा टिकलेल्या व्यवस्थांचीं जीं लक्षणें त्यांनीं दिलीं, त्यांतील पहिलें हें कीं, कोण आंतला व कोण बाहेरचा ह्याची हद्द स्पष्ट असावी. हें वाक्य वाचून आम्ही थबकलों. कारण ज्यानें शेजारधर्म टिकतो त्याच हद्दीनें तो बिघडतो, आणि त्याचा पुरावा दूर शोधावयास नको, तो ऑन्टेरिओच्या कांठींच आहे.

ह्यूरन सरोवराच्या कांठीं बीच ओ पाइन्स नांवाची कॉटेजांची एक वसाहत आहे. १९३३ सालच्या तिच्या खरेदीखतांत अशी अट घातलेली होती कीं, तेथील जमीन यहूदी, निग्रो किंवा कोणत्याही काळ्यासांवळ्या वंशाच्या मनुष्यास विकूं नये व वापरूंही देऊं नये. (आमचा वाचक कितीही सुशील असता, तरी त्याचाही समावेश ह्या अटींत झालाच असता.) १९४८ सालीं एका बाईनें आपलें घर एका यहूदी व्यापाऱ्यास विकावयाचें ठरविलें. तेव्हां शेजारच्या घरमालकांनीं ती अट पुढें करून कोर्टांत विरोध केला. पहिल्या कोर्टानें अट योग्य ठरविली. १९४९ सालीं वरच्या कोर्टानेंही तीच उचलून धरली. उन्हाळ्यांत सुखानें राहतां यावें म्हणून केलेला हा एक निरुपद्रवी व माफक प्रयत्न आहे, असा त्या कोर्टाचा अभिप्राय पडला. शेवटीं १९५० च्या नोव्हेंबरांत कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानें, एका न्यायाधीशाच्या विरोधी मताखेरीज, ती अट रद्द केली. हा खटला नोबल विरुद्ध ॲली ह्या नांवानें प्रसिद्ध आहे. ऑन्टेरिओच्या विधिमंडळानें त्याच वर्षीं पुढील काळांत अशा अटी घालण्यास कायद्यानें बंदी केली. मात्र सर्वोच्च न्यायालयानें अट अन्यायाची म्हणून नव्हे, तर तिचा संबंध जमिनीच्या वापराशीं नाहीं व तिचे शब्द संदिग्ध आहेत, अशा कायद्याच्या मुद्द्यांवर मोडली, हेंही सांगितलें पाहिजे.

हे विरोध करणारे लोक कोण होते? चोर नव्हते, दरोडेखोर नव्हते. कोणाचें मूल पाण्यांत पडलें असतें तर बहुधा त्यांच्यांतील प्रत्येकानें उडी घातली असती. त्यांस वाईट शेजारी व्हावयाचें नव्हतें. शेजारी कोणास म्हणावें एवढेंच त्यांस स्वतः ठरवावयाचें होतें. वरच्या कोर्टाचा तो "निरुपद्रवी प्रयत्न" वाचला म्हणजे महाडचें तळें आठवल्यावांचून राहत नाहीं. तेथील नगरपालिकेनें १९२४ सालींच तें सर्वांस खुलें केल्याचा ठराव केला होता. तरी १९२७ च्या मार्चांत डॉ. आंबेडकर व हजारों लोक तेथील पाणी प्याले तेव्हां सवर्णांनीं तळ्याची शुद्धि केली आणि पुढें कोर्टांत दावा लावला, आणि १९३७ सालीं मुंबईच्या हायकोर्टानें निकाल दिला तोंपर्यंत दहा वर्षें लोटलीं. तेथेंही दावा लावणारे तळ्याचे अगदीं जवळचे शेजारीच होते, आणि तळें आपलें आहे व आपण तें राखीत आहों, अशीच त्यांची समजूत होती.

ह्यावर कोणी म्हणेल, त्या जुन्या गोष्टी. आतां अशा अटी नाहींत. खरें आहे. आतां अट किंमतीची आहे, आणि ती कोणत्याही खरेदीखतांत लिहावी लागत नाहीं. पण आम्हांस आणखी एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. मस्कोका प्रदेशांत आज जेथें पोर्ट कार्लिंग गांव आहे तेथें पूर्वी ओबाजेवानंग नांवाचें ओजिब्वे लोकांचें गांव होतें. त्यांचीं घरें होतीं व शेतें होतीं. १८६० नंतरच्या दशकांत नवे वसाहतवाले आले व त्या लोकांस तेथून उठून जॉर्जियन उपसागरांतील पॅरी बेटाकडे जावें लागलें. पुढें १९२३ सालीं त्या भागांतील मूळच्या लोकांशीं विल्यम्स करार झाले. त्यांत त्यांचे शिकारीचे व मासेमारीचे हक्कही गेले असें सरकार नंतर म्हणूं लागलें. त्याविषयींचा वाद २०१८ सालीं मिटला. ते हक्क मान्य झाले, सरकारांनीं १.१ अब्ज डॉलर द्यावयाचे ठरलें, आणि अधिकाऱ्यांनीं जाहीर क्षमा मागितली. अलीकडे कित्येक सभांच्या आरंभीं, ही भूमि कोणाची होती हें वाचून दाखवितात. ह्या वाचनाची थट्टा करणारे आहेत. आम्ही ती करणार नाहीं. पण चार पिढ्यांची आपली वहिवाट अभिमानानें सांगणाऱ्या सभेनें त्यापूर्वीच्या पिढ्या कोणाच्या, हें एका मिनिटांत वाचून वर्गणीच्या हिशेबाकडे वळावें, हें मनास जरा टोंचतें.

आणि ह्या हद्दीबाहेरचा आणखी एक मनुष्य आहे, ज्याविषयीं आम्हांस सर्वांत अधिक वाटतें, कारण तो कोणत्याच करारांत किंवा खटल्यांत सांपडत नाहीं. तो तेथें बाराही महिने राहतो. तो सुतार आहे, नळ दुरुस्त करणारा आहे, रस्त्यावरील बर्फ लोटणारा आहे. जानेवारींत कॉटेजवाले शहरांत असतात तेव्हां त्यांच्या छपरांवर बर्फाचा थर चढतो. तो शिडी लावून वर जातो व फावड्यानें तो उतरवितो, नाहीं तर छप्पर खचतें. आग लागली तर लहान गांवांतून पुष्कळदां स्वयंसेवकांचें आगीचें पथकच येतें, आणि त्या पथकांत तोच असतो. ह्या कामाचें अल्प वेतन त्यास मिळतें, पण रात्रीं दोन वाजतां शून्याखालीं वीस अंश थंडींत हांक आली असतां बिछाना सोडण्याची ती किंमत आहे असें कोणी म्हणणार नाहीं. सरोवर त्याचेंही आहे. तो त्यांत मासे धरतो, त्याचा बाप त्यांत पोहला. परंतु कांठावर त्याची जमीन नाहीं. कांठची जमीन त्याच्या आजानें केव्हांच विकली. म्हणून कांठच्या मालकांपुरत्या मंडळाचा तो सभासद नाहीं. सभा भरते जुलैंत, शनिवारीं सकाळीं, जेव्हां त्यास सर्वांत अधिक काम असतें. ऑन्टेरिओच्या कायद्यानें कॉटेजवाल्यांस मात्र गांवच्या निवडणुकींत मत आहे, मग ते वर्षांतून आठ आठवडे येवोत कीं चार. आणि कित्येक गांवीं त्यांची संख्या कायमच्या रहिवाशांहून अधिक भरते. त्या गांवांत मजुरांसाठीं स्वस्त घरें बांधावीं कीं बांधूं नयेत, ह्यावर शेवटचा शब्द बहुधा उन्हाळ्यांत येणाऱ्यांचा होतो.

कांहीं मंडळांनीं आपला नियम बदलून, जमीन असो वा नसो, सरोवराशीं ज्याचा संबंध आहे त्यास सभासद करून घेतलें पाहिजे, असें आम्हांस वाटतें. ह्यावर खजिनदार म्हणेल, "ज्याची जमीन नाहीं त्याचा तोटा काय होणार? तो जबाबदारीनें मत कसें देईल?" हा आक्षेप ऐकून वाचकांस आपल्या पंचायतींतील जुनीं भाषणें आठवतील. तोटा कोणाचा होतो हें जानेवारींत छपरावर चढलेल्यास विचारावें.

ऑक्टोबरांत शेवटचें माप घेण्याची वेळ येते. पाणी थंड, हात बधिर, कांठचीं बहुतेक घरें बंद. स्वयंसेवक होडी खोल जागेवर नेतो, तबकडी सोडतो, आंकडा वहींत लिहितो आणि परत येतो. धक्का वर ओढावयास एकट्याचें बळ पुरत नाहीं. रस्त्याच्या वळणावर लांकडें भरलेली गाडी घेऊन तो बारमाही मनुष्य उभा असतो. तो न बोलावतां खालीं येतो, दुसरें टोंक धरतो, आणि दोघे मिळून धक्का कांठावर घेतात. मग एक जण विचारतो, "यंदा किती खोल दिसली?" आणि दुसरा वही उघडून दाखवितो.